ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील अपवाद-हाताळणी : एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकाचा वापर करणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा एखादा प्रोग्राम अचानक बंद पडल्याचा अनुभव घेतलेला असतो. पडद्यावर एक छोटा संदेश येतो आणि तो प्रोग्राम नाहीसा होतो. परंतु संगणक मात्र सुरूच राहतो. शेजारी उघडलेले पत्र किंवा छपाईसाठी पाठविलेला मजकूर यांवर कोणताही परिणाम होत नाही. याउलट काही प्रसंगी संपूर्ण यंत्रच थांबते आणि ते पुन्हा सुरू करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. आश्चर्याची बाब अशी की, या दोन्ही घटनांचे मूळ कारण पुष्कळदा एकच असते : मेमरीतील जो पत्ता वाचण्याजोगा नव्हता, तो वाचण्याची आज्ञा प्रोसेसरला मिळालेली असते. कारण एकच असूनही परिणाम इतके भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या तळाशी असलेल्या अपवाद-हाताळणीच्या यंत्रणेत सापडते.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. दि. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या विंडोज ग्राहकांसाठी एक अद्ययावत फाइल प्रसृत केली. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. अनेक देशांतील विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. भारतातही मुंबई, दिल्ली यांसारख्या विमानतळांवर विमान कंपन्यांच्या सेवा कोलमडल्या आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. या साऱ्याच्या मुळाशी मेमरीचे एक चुकीचे वाचन होते. तेच वाचन साध्या प्रोग्राममध्ये घडले असते, तर केवळ तो प्रोग्राम बंद पडला असता. प्रस्तुत लेखात या भेदाचे तांत्रिक स्वरूप उलगडण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. प्रोसेसरमधील अपवाद ही संकल्पना व तिचे प्रकार स्पष्ट करणे.
२. अपवाद घडल्यापासून कर्नलचा हँडलर सुरू होईपर्यंतच्या पायऱ्या समजून घेणे.
३. पेज फॉल्टच्या आधारे कर्नलच्या निर्णयप्रक्रियेचे विवेचन करणे.
४. या यंत्रणेतील गृहीतके चुकल्यामुळे उद्भवलेल्या काही घटनांचा आढावा घेणे.

व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचे आहे. मुख्य उदाहरण म्हणून इंटेल व एएमडी यांच्या ६४ बिटांच्या एक्स-८६ प्रोसेसरवर चालणारा लिनक्स कर्नल घेतला आहे. लिनक्सचा संपूर्ण स्रोत-मजकूर सर्वांसाठी खुला असल्याने येथील प्रत्येक पायरी जिज्ञासू वाचकाला स्वतः तपासून पाहता येते. तुलनेसाठी आवश्यक तेथे अन्य प्रोसेसर व विंडोज यांचा उल्लेख केला आहे.

१. अपवाद : संकल्पना व वर्गीकरण

प्रोसेसरचे नित्याचे काम म्हणजे मेमरीतून एक आज्ञा उचलणे, ती पार पाडणे आणि पुढील आज्ञेकडे वळणे. हा क्रम दोन प्रकारच्या घटनांनी मोडतो. पहिल्या प्रकारच्या घटना प्रोसेसरच्या बाहेर घडतात. कळफलकावरील कळ दाबली जाणे किंवा नेटवर्कवरून माहिती येणे ही त्यांची उदाहरणे होत. यांना इंटरप्ट म्हणतात. चालू असलेल्या आज्ञेशी त्यांचा संबंध नसतो. दुसऱ्या प्रकारच्या घटना मात्र चालू असलेल्या आज्ञेतूनच उद्भवतात. एखाद्या संख्येला शून्याने भागणे, अस्तित्वात नसलेली आज्ञा देणे, प्रवेश नसलेल्या पत्त्याला स्पर्श करणे या त्या घटना होत. यांनाच एक्सेप्शन म्हणजे अपवाद असे म्हटले जाते. त्याच स्थितीत तीच आज्ञा पुन्हा दिली, तर तोच अपवाद पुन्हा घडतो, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

ही कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात विकसित होऊन १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात, हवे असलेले पान मुख्य मेमरीत नसल्यास चालू काम थांबवून ते ड्रमवरून आणण्याची सोय होती. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मध्ये व्यत्ययांचे पाच वर्ग निश्चित केलेले होते आणि प्रोग्राममधील दोषांसाठी त्यांपैकी एक स्वतंत्र वर्ग राखलेला होता.

एक्स-८६ प्रोसेसरमध्ये अपवादांचे तीन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार फॉल्ट. यात दोष आज्ञा पूर्ण होण्याआधीच उघड होतो आणि परतीचा पत्ता म्हणून त्याच आज्ञेचा पत्ता जतन केला जातो. म्हणजेच कारण दूर केल्यास ती आज्ञा नव्याने पार पाडता येते. दुसरा प्रकार ट्रॅप. यात आज्ञा पूर्ण झालेली असते व जतन केलेला पत्ता पुढील आज्ञेचा असतो. प्रोग्राममधील चुका शोधताना आपण ज्या ठिकाणी थांबण्याची खूण करतो, तेथे डीबगर एका बाइटची विशेष आज्ञा पेरतो. तिच्यातून उद्भवणारा अपवाद या प्रकारात मोडतो. तिसरा प्रकार अबॉर्ट. यात मूळ स्थिती इतकी बिघडलेली असते की विश्वासाने परत जाता येत नाही. हे वर्गीकरण तीव्रतेवर आधारलेले नाही, तर परत जाता येते का आणि कोठे, या प्रश्नावर आधारलेले आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

कोणत्या घटनेला अपवाद मानावे, हा प्रोसेसरच्या रचनाकारांचा निर्णय असतो. एक्स-८६ वर पूर्णांकाला शून्याने भागल्यास शून्य क्रमांकाचा अपवाद घडतो. ६४ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर मात्र तोच भागाकार निमूटपणे शून्य हे उत्तर देतो. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पात वापरलेल्या रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचात त्याचे उत्तर सर्व बिट १ असलेली संख्या असे ठरविलेले आहे आणि तेथेही अपवाद घडत नाही. तात्पर्य, अपवाद ही निसर्गाने घातलेली मर्यादा नसून हार्डवेअर व सॉफ्टवेअर यांच्यातील एक करार आहे.

२. अपवादांची सारणी

अपवाद घडल्यावर कोठे जावे, हे प्रोसेसर स्वतः ठरवीत नाही. कर्नल सुरू होताना मेमरीत एक सारणी तयार करतो आणि तिचा पत्ता प्रोसेसरमधील एका विशेष रजिस्टरमध्ये नोंदवितो. इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सारणीत २५६ नोंदी असतात. ६४ बिटांच्या व्यवस्थेत प्रत्येक नोंद १६ बाइटची असल्याने संपूर्ण सारणी ४०९६ बाइटची, म्हणजे मेमरीच्या नेमक्या एका पानाएवढी होते. प्रत्येक नोंदीत हँडलरचा पत्ता असतो. तसेच हा दरवाजा कोणत्या अधिकारपातळीवरून उघडता येईल आणि त्यासाठी वेगळा स्टॅक वापरावयाचा काय, हेही तिच्यात नमूद केलेले असते.

० ते ३१ हे क्रमांक इंटेलने अपवादांसाठी राखून ठेवले आहेत. ० हा भागाकाराचा, ३ हा ब्रेकपॉइंटचा, ६ हा अमान्य आज्ञेचा, ८ हा डबल फॉल्टचा, १३ हा सर्वसाधारण संरक्षणभंगाचा आणि १४ हा पेज फॉल्टचा क्रमांक होय. उरलेले क्रमांक उपकरणांसाठी व अन्य कामांसाठी वापरता येतात.

या राखीव क्रमांकांचा इतिहासही उद्बोधक आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये उपकरणांच्या इंटरप्टना ८ ते १५ हे क्रमांक देण्यात आले. त्या संगणकातील ८०८८ प्रोसेसर हे क्रमांक वापरीत नव्हता. परंतु ते इंटेलच्या राखीव क्षेत्रात येत होते. पुढील पिढीतील प्रोसेसरांनी ते प्रत्यक्ष वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा घड्याळाचा ठोका व डबल फॉल्ट या दोहोंचा क्रमांक एकच झाला. परिणामी, ती इंटरप्ट-व्यवस्था वापरणाऱ्या प्रत्येक आधुनिक कर्नलला प्रारंभीच उपकरणांचे क्रमांक ३२ च्या पुढे हलवावे लागले. कराराचा एक नियम दुर्लक्षिला गेल्याचा भार पुढील कित्येक दशकांनी वाहिला.

३. प्रवेशद्वारावरील पहिल्या काही आज्ञा

अपवाद घडताच प्रोसेसर पाच गोष्टी स्टॅकवर जतन करतो : स्टॅकचा सेगमेंट, स्टॅकचा पत्ता, ध्वज-रजिस्टर, आज्ञांचा सेगमेंट आणि परतीच्या आज्ञेचा पत्ता. काही अपवादांच्या बाबतीत त्यांत एका त्रुटी-संकेतांकाची भर पडते. प्रोग्राम वापरकर्ता पातळीवर चालू असेल, तर हे जतन करण्यापूर्वीच प्रोसेसर स्टॅक बदलतो. प्रोग्रामचा स्टॅक बाजूला ठेवून कर्नलने आधीच नेमून दिलेला स्टॅक घेतला जातो. या बदलाचे कारण उघड आहे. प्रोग्रामच्या स्टॅकचा पत्ता प्रोग्रामच्या ताब्यात असतो आणि तो चुकीचा किंवा कपटाने बदललेलाही असू शकतो. ज्याच्या दोषाची चौकशी करावयाची, त्याच्याच कागदावर पंचनामा लिहिता येत नाही.

यानंतर कर्नलची पहिली आज्ञा चालू होते. हा भाग सी भाषेत लिहिता येत नाही. कारण सी भाषेतील कोणतेही फंक्शन रजिस्टर वापरूनच काम करते आणि या क्षणी सर्व रजिस्टरांत थांबलेल्या प्रोग्रामची माहिती असते. म्हणून येथे असेंब्ली भाषेतील एक छोटा तुकडा असतो. ज्या अपवादांना त्रुटी-संकेतांक नसतो, त्यांच्यासाठी तो एक कृत्रिम संकेतांक भरतो, जेणेकरून स्टॅकवरील मांडणी नेहमी सारखी राहील. नंतर तो उर्वरित सर्व रजिस्टर ठरावीक क्रमाने जतन करतो.

पुढील पायरी अत्यंत नाजूक आहे. आपण वापरकर्ता पातळीवरून आलो की कर्नल पातळीवरून, हे या तुकड्याला ठरवावे लागते. जतन केलेल्या आज्ञा-सेगमेंटच्या शेवटच्या दोन बिटांवरून ते कळते. ते दोन्ही बिट शून्य असल्यास अपवाद कर्नलमध्येच घडलेला असतो. अन्यथा वापरकर्ता पातळीवरून प्रवेश झालेला असतो आणि जीएस या रजिस्टरचा आधारपत्ता कर्नलच्या मूल्याशी अदलाबदल करावा लागतो. प्रत्येक प्रोसेसरची कर्नलची खाजगी माहिती याच आधारपत्त्यावरून सापडते. ही अदलाबदल करावयाची राहिली किंवा चुकून दोनदा झाली, तर कर्नल वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यालाच स्वतःची माहिती समजून बसतो. दोन बिटांवर संपूर्ण यंत्राची सुरक्षितता अवलंबून असल्याचे हे उदाहरण होय.

एवढे झाल्यावरच सी भाषेतील हँडलरला पाचारण केले जाते. त्याचे काम संपल्यावर सर्व रजिस्टर पूर्ववत केले जातात आणि परतीची विशेष आज्ञा पाचही गोष्टी स्टॅकवरून उचलून प्रोग्रामला जेथून थांबविले तेथे आणून सोडते. मधल्या काळात काही घडले, हे प्रोग्रामला कळण्याचे कारण नसते.

४. पेज फॉल्ट : दोष की विनंती?

सर्व अपवादांत पेज फॉल्टचे महत्त्व सर्वाधिक आहे. नावात फॉल्ट असला, तरी बहुसंख्य प्रसंगी तो दोष नसतोच. एखाद्या प्रोग्रामने १ गिगाबाइट मेमरी मागितली, तर लिनक्स सामान्यतः ती तत्काळ देत नाही. अमुक पत्त्यांचा पट्टा या प्रोग्रामचा आहे, एवढीच नोंद तो करून ठेवतो. ४ किलोबाइटचे एक पान या हिशेबाने त्या पट्ट्यात २,६२,१४४ पाने असतात. प्रत्यक्षात त्यांपैकी एकही अस्तित्वात नसते. प्रोग्रामने एखाद्या पानाला प्रथम स्पर्श केला की पेज फॉल्ट घडतो व त्या वेळी कर्नल ते पान उपलब्ध करून देतो. शेतकऱ्याने कालव्याचे दार उघडल्यावरच पाणी सोडावे, तशी ही व्यवस्था आहे.

पेज फॉल्ट घडताच प्रोसेसर ज्या पत्त्यामुळे तो घडला, तो पत्ता सीआर-२ या रजिस्टरमध्ये ठेवतो. कर्नलला तो सर्वप्रथम वाचून घ्यावा लागतो. कारण मध्येच दुसरा पेज फॉल्ट घडल्यास पहिला पत्ता पुसला जातो. त्रुटी-संकेतांकातील बिट अधिक तपशील देतात : पान अनुपस्थित होते की असूनही परवानगी नव्हती, वाचन होते की लेखन, प्रवेश वापरकर्ता पातळीवरून झाला की कर्नल पातळीवरून, आणि हा प्रयत्न आज्ञा उचलण्याचा होता काय. या माहितीच्या आधारे कर्नल पुढील क्रमाने विचार करतो.

प्रथम, हा पत्ता प्रोग्रामला दिलेल्या एखाद्या पट्ट्यात येतो काय, हे पाहिले जाते. येत असल्यास इच्छिलेली कृती त्या पट्ट्यात अनुज्ञेय आहे काय, हे तपासले जाते. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर पान मिळवून दिले जाते. कधी ते शून्यांनी भरलेले नवे पान असते, तर कधी ते डिस्कवरून आणावे लागते. एका प्रोग्रामपासून दुसरा जन्माला आल्यानंतर दोघेही काही काळ तीच पाने वापरतात आणि त्यांपैकी एकाने लेखन करू पाहिल्यावरच त्या पानाची प्रत काढली जाते. यानंतर तीच आज्ञा पुन्हा चालविली जाते व या खेपेस ती यशस्वी होते.

उत्तर नकारार्थी असेल आणि प्रवेश वापरकर्ता पातळीवरून झाला असेल, तर कर्नल त्या प्रोग्रामला सेगमेंटेशन व्हायोलेशन हा सिग्नल पाठवितो. प्रोग्रामने स्वतःची काही व्यवस्था केलेली नसल्यास तो तेथेच संपतो. सी भाषा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हा संदेश म्हणजे या दीर्घ प्रक्रियेचा शेवटचा दुवा होय. येथे कर्नल सुरक्षित अंतरावर उभा असतो. दोष प्रोग्रामचा, शिक्षा प्रोग्रामला आणि इतरांना झळ नाही.

५. दोष कर्नलचाच असेल तर?

खरी कसोटी लागते ती कर्नल पातळीवर असा अपवाद घडल्यावर. त्याचेही दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार अपेक्षित दोषांचा. फाइलमध्ये लिहावयाची माहिती अमुक पत्त्यावर आहे, असे प्रोग्राम कर्नलला सांगतो. परंतु तो पत्ता खोटा असू शकतो. असा प्रत्येक पत्ता संपूर्ण तपासून मगच वाचावा, हे वेळखाऊ आहे आणि तपासणी व वाचन यांच्या दरम्यान स्थिती बदलूही शकते. म्हणून लिनक्स वेगळा मार्ग अवलंबितो. तो पत्ता वापरकर्त्याच्या क्षेत्रातीलच आहे, एवढी खात्री करून थेट वाचन केले जाते. अशा वाचनाच्या आज्ञा कर्नलमध्ये मोजक्याच ठिकाणी असतात. त्या प्रत्येकीचा पत्ता व ती फसल्यास कोठे जावे याचा पत्ता, अशा जोड्यांची एक क्रमवार सारणी कर्नल तयार होतानाच बनविली जाते. पान मिळवून देणे शक्य नसलेला फॉल्ट घडल्यास हँडलर त्या सारणीत शोध घेतो. आज्ञा सापडली तर तो परतीचा पत्ता बदलतो आणि प्रोग्रामला ‘पत्ता चुकीचा आहे’ एवढाच संकेत मिळतो.

दुसरा प्रकार अनपेक्षित दोषांचा. सारणीत नोंद नसलेल्या ठिकाणी कर्नलने चुकीचा पत्ता वाचला, याचा अर्थ कर्नलची स्वतःविषयीची समजूतच चुकली आहे. अशा वेळी लिनक्स ‘ऊप्स’ नावाचा अहवाल छापतो, शक्य असल्यास संबंधित प्रोग्राम संपवून पुढे जातो, आणि परिस्थिती गंभीर असल्यास किंवा तशी सूचना असल्यास संपूर्ण यंत्र थांबवितो. विंडोज अशा प्रसंगी यंत्र थांबविण्याचाच निर्णय घेते. हा निर्णय कठोर वाटला तरी त्यामागे विचार आहे. ज्या कर्नलची माहिती बिघडली असण्याची शक्यता आहे, त्याने काम चालू ठेवून डिस्कवरील माहिती बिघडविण्यापेक्षा थांबणे श्रेयस्कर होय.

१९ जुलै २०२४ ची घटना या दुसऱ्या प्रकारात मोडते. क्राउडस्ट्राइकचे सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नल पातळीवर चालत होते. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, त्याला २० मूल्ये पुरविली जात होती, तर नव्या फाइलने २१ वे मूल्य तपासण्यास सांगितले. यादीच्या बाहेर वाचन झाले, जे हाती आले तो पत्ता मानला गेला आणि पेज फॉल्ट घडला. तो हाताळण्यासाठी हँडलर होता, सारणी होती, प्रोसेसरने आपले काम अचूक केले होते. परंतु जतन केलेल्या सेगमेंटचे शेवटचे दोन बिट शून्य होते. दोषी कोण, या प्रश्नाचे उत्तर ‘स्वतः कर्नल’ असे आल्यावर विंडोजपुढे थांबण्यावाचून पर्याय उरला नाही. हे सॉफ्टवेअर यंत्र सुरू होतानाच कर्नलमध्ये दाखल होत असल्याने अनेक संगणक पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बंद पडत राहिले व कर्मचाऱ्यांना एकेका यंत्राजवळ जाऊन ती फाइल हटवावी लागली.

याहून बिकट स्थिती म्हणजे अपवाद हाताळताना दुसरा अपवाद घडणे. कर्नलचा स्टॅक संपला आहे, असे समजू. लिनक्समध्ये तो एक्स-८६ च्या ६४ बिटांच्या व्यवस्थेत सामान्यतः १६ किलोबाइटचा असतो. स्टॅक संपताच पेज फॉल्ट घडेल. पण त्याची माहिती जतन करण्यासाठीही त्याच स्टॅकवर जागा हवी. ती नसल्याने प्रोसेसर डबल फॉल्ट हा आठव्या क्रमांकाचा अपवाद निर्माण करतो. याच हेतूने डबल फॉल्टच्या हँडलरला नेहमीच्या स्टॅकपासून वेगळा, आधीच राखून ठेवलेला स्टॅक दिलेला असतो. तोही प्रयत्न फसला तर ट्रिपल फॉल्ट होतो. त्यासाठी मात्र कोणताही हँडलर नाही. प्रोसेसर काम थांबवितो आणि संगणक सामान्यतः नव्याने सुरू होतो. विशेष म्हणजे, लिनक्समध्ये संगणक पुन्हा सुरू करण्याचा एक उपलब्ध मार्ग म्हणून जाणीवपूर्वक ट्रिपल फॉल्ट घडविण्याची सोय आहे.

६. गृहीतके चुकतात तेव्हा

वरील सर्व यंत्रणा प्रोसेसर ठरल्याप्रमाणे वागेल, या गृहीतकावर उभी आहे. ते गृहीतक ढासळल्याच्या तीन घटना येथे नोंदविणे उचित ठरेल.

पहिली घटना नोव्हेंबर १९९७ मधील आहे. पेंटियम प्रोसेसरला एक विशिष्ट अमान्य आज्ञा दिल्यास सहाव्या क्रमांकाचा अपवाद घडण्याऐवजी प्रोसेसरच गोठून जातो, असे उघडकीस आले. त्या आज्ञेच्या आरंभीच्या बाइटवरून हा दोष ‘एफ-शून्य-शून्य-एफ’ या नावाने ओळखला जातो. कोणताही सामान्य वापरकर्ता त्यायोगे संपूर्ण यंत्र बंद पाडू शकत होता. त्यावरील उपाय कल्पक होता. लिनक्सने अपवादांची सारणी ज्या पानावर होती, ते पानच लेखनास मज्जाव असलेले केले. सदोष प्रोसेसर सहाव्या नोंदीकडे वळताना तिला कुलूपबंद पद्धतीने स्पर्श करीत असे. त्यामुळे आता गोठण्याऐवजी पेज फॉल्ट घडू लागला. पेज फॉल्टचा हँडलर पत्ता तपासून ‘हा सहाव्या नोंदीचा पत्ता आहे’ हे ओळखी आणि अमान्य आज्ञेचा मूळ अपवाद हाताळी. हार्डवेअरमधील दोष एका अपवादाच्या साह्याने दुसऱ्या अपवादाकडे वळवून निस्तरला गेला.

दुसरी घटना मे २०१८ मधील आहे. स्टॅकचा सेगमेंट बदलणाऱ्या आज्ञेनंतर प्रोसेसर पुढील एक आज्ञा पूर्ण होईपर्यंत डीबग अपवाद रोखून धरतो. ती पुढील आज्ञा कर्नलमध्ये प्रवेश करणारी असेल, तर रोखलेला अपवाद कर्नलच्या पहिल्याच आज्ञेपाशी प्रकट होतो. त्या वेळी सेगमेंटचे दोन बिट ‘कर्नल’ असे सांगतात; परंतु जीएसची अदलाबदल अद्याप झालेली नसते. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी अशा अनेक प्रणाली कमीअधिक प्रमाणात या दोषाच्या कक्षेत आल्या. प्रोसेसर येथे ठरल्याप्रमाणेच वागत होता. त्याच्या दस्तऐवजाचा अर्थ लावण्यात इतक्या स्वतंत्र चमूंची सारखीच गफलत झाली होती.

तिसरी घटना जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या दोषाची. वापरकर्ता पातळीवरून कर्नलची मेमरी वाचल्यास अपवाद घडतो, हे खरेच होते. परंतु वेगासाठी आज्ञा आगाऊ पार पाडणारे अनेक प्रोसेसर अपवाद जाहीर होण्यापूर्वीच ते मूल्य वापरून पुढील आज्ञा चालवीत. त्या आज्ञा नंतर रद्द होत. मात्र कॅश मेमरीत त्यांचा माग उरे व त्यावरून मूल्याचा अंदाज बांधता येई. यावर उपाय म्हणून लिनक्सने जानेवारी २०१८ मध्येच वापरकर्ता व कर्नल यांच्यासाठी पानांच्या स्वतंत्र सारण्या ठेवण्याची व्यवस्था स्वीकारली. त्यामुळे बाधित प्रोसेसरांवर कर्नलमधील प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सारणी बदलण्याचे काम वाढले व वेगाची किंमत मोजावी लागली. पुढील प्रोसेसरांत हा दोष हार्डवेअरमध्येच दूर करण्यात आला.

या अनुभवांचा परिणाम प्रोसेसरच्या रचनेवर होत असल्याचे दिसते. इंटेलने मांडलेल्या फ्रेड या नव्या पद्धतीत वापरकर्ता पातळीवरून व कर्नल पातळीवरून होणाऱ्या प्रवेशांची दारेच वेगळी ठेवलेली आहेत आणि जीएसची अदलाबदल प्रोसेसर स्वतः करतो. मे २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या लिनक्स ६.९ या आवृत्तीत या पद्धतीसाठी आधार समाविष्ट करण्यात आला. दोन बिट तपासून अंदाज बांधण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरकडून हार्डवेअरकडे सोपविली जात आहे, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष :

१. अपवाद म्हणजे अपरिहार्यपणे चूक नव्हे. प्रोसेसरने कर्नलला विचारलेला तो एक प्रश्न असतो आणि पेज फॉल्टच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘पान द्या’ एवढेच असते.

२. दोष कोणता, यापेक्षा तो कोणत्या अधिकारपातळीवर घडला, यावर परिणामाची व्याप्ती ठरते. वापरकर्ता पातळीवरील दोषाचा न्यायनिवाडा कर्नल करू शकतो. स्वतः कर्नलच्या अनपेक्षित दोषाचा निवाडा करणारा त्याच्या वर कोणी नसतो.

३. यावरून कर्नल पातळीवर कमीत कमी व काटेकोरपणे तपासलेले सॉफ्टवेअर असावे, हे तत्त्व निष्पन्न होते. २०२४ च्या घटनेनंतर सप्टेंबर महिन्यात मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-सॉफ्टवेअर उत्पादकांची बैठक बोलाविली आणि तीत सुरक्षेची कामे कर्नलबाहेरून करता येतील काय, या विषयावर चर्चा झाली, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे.

४. हार्डवेअर व सॉफ्टवेअर यांच्यातील करार अक्षरशः वाचला जाणे आवश्यक आहे. १९८१ चे क्रमांक व २०१८ चा डीबग अपवाद या दोन्ही प्रकरणांत प्रोसेसर बिघडलेला नव्हता. नियम डावलला गेला होता किंवा त्याचे वाचन अपुरे पडले होते.

संगणकशास्त्राचे अध्यापन करताना अपवादांच्या व्याख्या व क्रमांक पाठ करून घेण्यापेक्षा एक छोटा प्रयोग अधिक उपयुक्त ठरेल. लिनक्सवर मोठी मेमरी मागणारा पण तिला स्पर्श न करणारा एक प्रोग्राम व तिच्या प्रत्येक पानावर एक बाइट लिहिणारा दुसरा प्रोग्राम विद्यार्थ्यांनी लिहावा. दोहोंच्या पेज फॉल्टची संख्या ‘टाइम’ या उपयुक्त प्रोग्रामच्या सविस्तर अहवालात पाहावी. त्या दोन आकड्यांतील तफावत पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कर्नल पडद्याआड करीत असलेल्या कामाची प्रचीती येईल आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हा संदेश पुढच्या वेळी पडद्यावर आला, तर उर्वरित यंत्र सुरूच का राहिले, हेही त्याला उमगेल.